मी, आम्ही आणि ७७७

'हा साहित्याचा प्रश्न नाही, संगणकवाल्याला बोलवा.' आमच्या छोट्या संग्रहाच्या बैठकीत हे वाक्य उच्चारले गेले, तेव्हा कोणालाच त्यात आक्षेपार्ह असे काही वाटले नाही. आम्हांलाही वाटले नाही. संगणकवाला आला, त्याने एक आज्ञा टंकली, आणि प्रश्न सुटला असे सर्वांनी मानले. पुढे काही महिन्यांत साठच्या दशकातील एका अनियतकालिकाच्या अकरा अंकांचे मूळ स्कॅन कायमचे गेले, आणि जिचा त्यात काडीचाही संबंध नव्हता अशा एका विद्यार्थिनीवर त्याचा ठपका आला. म्हणून आज आम्हांला म्हणायचे आहे ते असे : फाइलचा मालक कोण, हा प्रश्न ज्यांच्याकडे ग्रंथ आहेत त्यांचा आहे, आणि तो दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होण्याची आपल्या साहित्यसंस्थांची सवय ही निरुपद्रवी सवय नव्हे.

आधी घडले ते सांगतो. वाचनकक्षात लिनक्सवर चालणारा एक संगणक होता आणि फडताळात नेटवर्कला जोडलेला एक सामाईक ड्राइव्ह, ज्याला हल्ली सर्रास 'नॅस' म्हणतात. एका निवृत्त प्राध्यापकांनी, आम्ही त्यांना सरच म्हणत असू, दोन वर्षे खपून हे अंक स्कॅन केले. अंक त्यांच्या एका स्नेह्यांच्या घरचे होते, आणि त्यांचे खरे मोल समासात होते : संपादकाच्या हातची पेन्सिलीतील टिपणे. स्कॅन झाल्यावर अंक परत गेले आणि पुढे घर आवरताना रद्दीत गेले. सर वारले. कोणीतरी शिस्त म्हणून त्यांचे खाते संगणकावरून काढून टाकले. महिन्याभराने सूचीच्या कामासाठी एम.ए.ची एक विद्यार्थिनी येऊ लागली. तिला नवे खाते उघडून दिले. त्यानंतर एका सदस्याने संग्रहाला लिनक्सचाच एक लॅपटॉप दिला. तो ड्राइव्हला जोडला, फाइली दिसल्या, उघडल्याही. पण काही साठवू गेले की एकच उत्तर : परवानगी नाकारली.

येथे संगणकवाला आला. त्याने सबंध ड्राइव्हवर 'चमॉड ७७७' चालवले, म्हणजे सर्व फाइलींवर सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकले. काम सुरू झाले. पुढे कोणीतरी लॅपटॉपवर बसून अंकांच्या 'स्वच्छ' प्रती करायला घेतल्या, पानांचे समास एकगठ्ठा कापले, आणि त्या प्रती मूळ फाइलींवरच साठवल्या. बातमी फुटली तेव्हा वाचनकक्षातील संगणकावर फाइलींची यादी काढण्यात आली. मालकाच्या रकान्यात प्रत्येक फाइलीसमोर त्या विद्यार्थिनीचे नाव होते. शेजारी अलीकडची तारीख होती. तिने सांगितले, 'मी हे अंक उघडलेलेच नाहीत, सर.' एका ज्येष्ठ सदस्यांनी पडद्याकडे बोट दाखवले : 'नाव तर तुझंच आहे ना, बाई?' ती पुढच्या आठवड्यापासून येईनाशी झाली.

पडद्यावरील नाव हा पुरावा आहे असे आम्ही सर्वांनी धरले. आम्ही म्हणजे कोण, तर हस्तलिखितांचे पाठभेद तपासणारे, प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढणारे, नाममुद्रेवरून कर्तृत्व ठरवू नये असे वर्गात बजावणारे लोक! पोथीत नाममुद्रा आहे म्हणून ते पद त्याच संताचे, असे आमच्यापैकी कोणीही मानले नसते. तीच माणसे यंत्राच्या पडद्यापुढे भाबडी झाली.

वस्तुस्थिती काय आहे ते पाहू. लिनक्समध्ये आणि तिच्या पूर्वज युनिक्समध्ये फाइलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते. प्रत्येक फाइलीची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. तिच्यात मालकाचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक एवढेच असते. यादी मागितली की यंत्र तो क्रमांक घेते, आपल्या खातेदारांच्या यादीत त्यापुढे कोणाचे नाव आहे ते पाहते आणि ते नाव दाखवते. हे वाचन त्या त्या यंत्राचे असते आणि त्या क्षणाचे असते. सरांचा क्रमांक १००३ होता. त्यांचे खाते काढल्यावर तो रिकामा झाला. तोच यादीतील शेवटचा असल्याने पुढचे खाते उघडताना संगणकाने तोच क्रमांक पुन्हा दिला. विद्यार्थिनी १००३ झाली, आणि सरांच्या दोन वर्षांच्या श्रमाची, तिच्या नकळत, मालकीण झाली. गावात वारसनोंद तलाठ्याकडे जाते, फेरफाराची नोटीस निघते, हरकतींना मुदत असते. येथे वारसा आला तो फेरफाराशिवाय, एका रिकाम्या आकड्याच्या वाटेने.

लॅपटॉपचे गाऱ्हाणेही याच जातीचे. डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणालींत पहिल्या माणसाला सहसा १००० हा क्रमांक मिळतो. म्हणजे लॅपटॉप वापरणारा कोणीही असो, तो १०००. आणि वाचनकक्षातील संगणकावर १००० म्हणजे तिसराच माणूस. ड्राइव्ह जोडलेला होता एनएफएस या पद्धतीने. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये आणलेल्या या पद्धतीत, नेहमीच्या मांडणीत, जोडणारे यंत्र ड्राइव्हला सांगते : 'हे मागणे १०००चे आहे.' ड्राइव्ह त्यावर विश्वास ठेवतो. नाव विचारत नाही, परवलीचा शब्द विचारत नाही. सर्व यंत्रांवर क्रमांकांची यादी एकच असेल, हे यात गृहीत धरलेले आहे. सनने तशी यादी पुरवणारी 'यलो पेजेस' नावाची व्यवस्थाही त्या काळी सोबत दिली होती. आपण पद्धत घेतली, यादी घेतली नाही. मग १०००ने १००३च्या फाइलीवर लिहू पाहिले आणि त्याला नकार मिळाला. यंत्राचे काहीही चुकले नव्हते. ते अचूकपणे एका परक्याला अडवत होते.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत क्रमांकांऐवजी नावे पाठवण्याची सोय आली, त्यामुळे हा घोळ मिटला असे काहीजण सांगतात. तो पुरता मिटलेला नाही. दोन्ही बाजूंनी आपले 'डोमेन' वेगळे सांगितले की नावांची ओळख पटत नाही आणि सगळ्या फाइली 'नोबडी' नामक अनामिकाच्या दिसू लागतात. शिवाय यादीत नाव बरोबर दिसत असतानाही, साध्या मांडणीत परवानगीचा निर्णय मागण्यासोबत आलेल्या क्रमांकावरच होतो. नाव दाखवायला आणि क्रमांक निकाल द्यायला, अशी ही विभागणी आहे.

दुसरी वाट सांबाची. विंडोजची फाइल-वाटपाची बोली युनिक्सला यावी म्हणून ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी सुरू केलेला हा प्रकल्प. येथे ड्राइव्ह नाव आणि परवलीचा शब्द विचारतो, आणि पुढची कामे त्याच खात्याच्या नावाने करतो. पण असा ड्राइव्ह लिनक्सवर जोडताना फाइलींचा मालक म्हणून कोणाला दाखवायचे, हे बहुधा जोडणाराच सांगत असतो. काहीच सांगितले नाही तर सर्व काही 'रूट'चे दिसते. आमच्या संगणकवाल्याने स्वतःच्या यंत्रावर ड्राइव्ह असाच जोडला होता आणि त्याला सगळ्या फाइली त्याच्या स्वतःच्या दिसत होत्या. वाचनकक्षात त्या विद्यार्थिनीच्या, लॅपटॉपवर नुसत्या '१००३'च्या, त्याच्याकडे त्याच्या. एकाच फाइलीला तीन यंत्रांवर तीन मालक! अशा जोडणीवर मालक बदलण्याची आज्ञा 'चोन' कितीही वेळा दिली तरी ड्राइव्हवरील नोंद बदलत नाही. आरशातल्या चेहऱ्याला टिकली लावण्याचाच तो प्रकार. नोंद बदलायची तर ड्राइव्हवर, मुळात, बदलावी लागते.

आता त्या आज्ञेकडे येऊ. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे (फोल्डरच्या बाबतीत आत शिरण्याचे) १, बेरीज ७. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. ७७७ म्हणजे तिघांनाही सर्व काही. मालक कोण या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, प्रश्नच रद्द करण्याची ही युक्ती आहे. आणि रद्द झालेला प्रश्न नंतर अधिक क्रूर रूपात परत येतो. आमच्याकडे तो असा आला : फाइलीचा मजकूर जागच्या जागी बदलला की तिचा मालक बदलत नाही. लॅपटॉपवरील १०००ने समास कापले, मालकाच्या रकान्यात १००३ तसाच राहिला, तारीख मात्र नवी पडली. म्हणजे नोंदीनुसार हे कृत्य १००३चे. खरे पाहता तो क्रमांक सरांचा, आणि सरांना जाऊन तोवर पाच महिने झाले होते. पडद्याने आकड्यापुढे तेव्हाचे नाव वाचून दाखवले. या सर्व प्रकारात कोणीही खोटे बोलले नाही, आणि तरीही एका निरपराध मुलीवर चोख दिसणारा आरोप उभा राहिला. ७७७ नसते तर लॅपटॉपला ते समास कापताच आले नसते.

आमचा आक्षेप संगणकवाल्यावर नाही. त्याला सांगितले होते, 'चालू करून दे'. त्याने चालू करून दिले. आक्षेप त्या आज्ञेमागील कल्पनेवर आहे, आणि ती कल्पना आमची स्वतःची होती. 'आपल्यात काय मालक आणि काय परका, संग्रह सगळ्यांचा आहे' असे बैठकीत म्हणणारे आम्हीच. मराठीला प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : 'आपण'मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही'मध्ये येत नाही. 'आम्ही' म्हटले की कोण आत आणि कोण बाहेर हे सांगावे लागते, जबाबदारी घ्यावी लागते. युनिक्सचे तीन अंक आम्हांला या भेदाच्या अगदी जवळचे वाटतात. पहिला 'मी', दुसरा 'आम्ही', तिसरा 'इतर'. युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या पुस्तिकेत मालक आणि मालक नसलेले एवढेच दोन भेद होते. गट नंतर आला. माणसे एकत्र काम करतात, त्यांना एकट्याची मालकी पुरत नाही आणि सर्वांना मोकळे रानही परवडत नाही, म्हणून ही मधली पायरी लागली. ७७७ हीच मधली पायरी मोडते. ते 'आम्ही'चे काम टाळून एक गुळगुळीत 'आपण' म्हणते, ज्यात शेवटी कोणीच नसते.

एक आक्षेप आमच्या वर्गखोल्यांतून येईल, त्याचा समाचार घेणे भाग आहे. कर्त्याचा मृत्यू केव्हाच जाहीर झाला, संहिता कोणाच्याच मालकीची नसते, मग तुम्ही मालकीचे हे जुनाट प्रकरण कशाला उकरता? योगायोग असा, की मिशेल फूको यांनी 'लेखक म्हणजे काय' हे व्याख्यान दिले ते १९६९मध्ये, आणि बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांचे युनिक्सचे काम सुरू झाले तेही १९६९मध्ये. त्या व्याख्यानाचा मुद्दा नावे पुसून टाका असा नव्हता. नाव कोणते काम करते, कोणत्या व्यवस्थेत करते, हे विचारा, असा होता. आम्ही तेच विचारत आहोत. फाइलीचा मालक हा लेखक नसतो, स्कॅन करणाराही असेलच असे नाही. तिच्यावरील अधिकार कोणाला द्यावेत हे ठरवू शकणारा, एवढाच त्याचा अर्थ. कर्तृत्वाची नोंद त्या रकान्यात शोधणे ही आमची चूक होती. आणि त्या रकान्याला काहीच अर्थ नाही असे समजून तो निकामी करणे ही त्याहून मोठी चूक होती. सिद्धान्ताच्या नावाखाली या दोन चुका झाकता येत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : एवढे कोण करणार? आम्ही केले, आणि एका रविवारी केले. जे केले ते लिहून ठेवतो.

प्रत्येक यंत्रावर 'आयडी' ही आज्ञा देऊन प्रत्येकाचे क्रमांक काढले. यादी नावांऐवजी आकड्यांत दाखवणाऱ्या 'एलएस -एलएन'ने ड्राइव्हवरील खरे क्रमांक पाहिले. दोन्ही कागदावर शेजारीशेजारी मांडले. आमचा सगळा इतिहास त्या एका कागदावर उघडा पडला. त्यानंतर ड्राइव्हची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली; प्रत हाती असल्याशिवाय मालकीला हात लावायचा नाही. मग एक गट निर्माण केला, त्याला सर्व यंत्रांवर आणि ड्राइव्हवर एकच क्रमांक दिला, आणि ज्यांनी काम करायचे त्यांनाच त्यात घेतले. विद्यार्थिनीला तिचा स्वतंत्र क्रमांक दिला. १००३च्या फाइलींत सरांचे स्कॅन आणि तिची सूची दोन्ही मिसळले होते. ते फोल्डर पाहून हाताने वेगळे करावे लागले, कारण क्रमांक आता कशाचीच साक्ष देत नव्हता. उरलेले स्कॅन कोणाही व्यक्तीच्या नावे न ठेवता, ज्यावर कोणी प्रवेशच करू शकत नाही अशा एका खात्याकडे सोपवले; गटाला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवला.

कामाच्या फोल्डरला २७७० दिले. त्यातल्या पहिल्या २मुळे आत तयार होणाऱ्या नव्या फाइली करणाऱ्याच्या नव्हे तर फोल्डरच्या गटात जातात. 'यूमास्क' ००२ ठेवला, म्हणजे नव्या फाइलीवर गटाला लिहिता येते. प्रचलित ०२२ ठेवला तर येत नाही, आणि 'काल चाललं, आज नाही' ही तक्रार बहुतेकदा तिथूनच उगवते. आणखी एक गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती : फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवर नसतो, ती ज्यात आहे त्या फोल्डरवर लिहिण्याच्या अधिकारावर तो ठरतो. केवळ फाइलींना कुलूप लावून फोल्डर उघडा ठेवणे म्हणजे कपाटाला कुलूप लावून ते अंगणात ठेवणे. म्हणून मूळ स्कॅनांच्या फोल्डरवरही गटाला लिहू दिलेले नाही.

हे सर्व ड्राइव्हवर करावे लागते. दुरून, जोडलेल्या यंत्रावर रूट होऊन 'चोन' दिल्यास एनएफएसचा ड्राइव्ह सहसा ते नाकारतो. परक्या यंत्रावरील रूटला तो मुद्दामच अनामिक करून टाकतो. ही अडवणूक बंद करण्याचीही एक सेटिंग आहे आणि सल्ला देणारे ती तत्परतेने सुचवतात. ती ७७७ची थोरली बहीण आहे. एकदा घरात घेतली की जाता जात नाही.

शेवटचा नियम सर्वांत साधा. गेलेल्या माणसाचे खाते काढायचे नाही, बंद करून ठेवायचे. क्रमांक त्याच्याकडेच राहू द्यायचा. ग्रंथालयात दाखल-क्रमांक पुन्हा वापरत नाहीत. पुस्तक हरवले तरी नोंदवहीत त्याची ओळ तशीच राहते आणि शेरा पडतो. हे ज्ञान आपल्या ग्रंथपालांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. संगणक आला तेव्हा आपण ते त्यांना विचारले नाही. कोणी, केव्हा, कोणत्या प्रतीवरून स्कॅन केले याची नोंदही आता आम्ही वहीत करतो.

विद्यार्थिनीकडे आम्ही गेलो. आकड्यांची यादी दाखवली, एक चाचणीची फाइल लॅपटॉपवरून बदलून मालक तोच राहतो हे तिच्यासमोर करून दाखवले, आणि ज्येष्ठ सदस्यांसह सर्वांनी क्षमा मागितली. तिने ती स्वीकारली; परत मात्र आली नाही, आणि तिने यावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हांला उरलेला नाही. समासातील टिपणे परत येणार नाहीत.

ज्या संस्था आज आपली दप्तरे, ध्वनिफिती, पत्रव्यवहार अशा सामाईक ड्राइव्हवर चढवत आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय घ्या : आपल्या फाइलींचे मालक कोण, आकड्यांत. संगणकवाल्याला जरूर बोलवा. पण तो आला की खोलीबाहेर जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा, आणि तो ७७७ टंकू लागला तर त्याचा हात धरा.